नऊ नावांची यादी

आमच्या शाळेत ऊर्मिलाकाकूंच्या हातात दिलेला कागद कधी हरवत नसे. आईवडिलांच्या सह्या, डॉक्टरांचे दाखले, सहलीचे फॉर्म, सगळं त्यांच्या सेक्रेटारिआटमध्ये, म्हणजे शाळेच्या ऑफिसात, वर्षावार जाड फायलींत लावलेलं असायचं. नवीन शिक्षक आला की मुख्याध्यापक त्याला सांगायचे, "काही सापडलं नाही तर आधी ऊर्मिलाला विचारा." वीस वर्षं त्यांनी तिथे काम केलं. गेल्या जुलैत त्या निवृत्त झाल्या. त्याआधी चार महिने त्यांचं मला एक पत्र आलं. ते वाचून मी रेगेन्सबर्गहून त्यांच्याकडे गेले, दोन दिवस राहिले, आणि त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहिते आहे. काही भाग मी स्वतः पाहिलेला आहे. त्यात माझाही हात आहे.

ऊर्मिला केतकर मूळच्या पुण्याच्या. तिथे एका कॉलेजच्या परीक्षा विभागात त्या नोकरी करायच्या. २००२ साली नवऱ्याबरोबर, चंद्रशेखरकाकांबरोबर, जर्मनीत आल्या. काका नेकारसुल्मच्या कार प्लांटमध्ये इंजिनिअर. काकूंची पहिली तीन वर्षं घरात आणि जर्मनच्या क्लासमध्ये गेली. राजस, त्यांचा मुलगा, तेव्हा लहान होता.

२००५ मध्ये प्लांटमधल्या काही पालकांनी मिळून इंग्रजी माध्यमाची माध्यमिक शाळा काढायचं ठरवलं. बारा-तेराव्या वर्षी दुसऱ्या देशातून येऊन एकदम जर्मनमधून इतिहास-भूगोल शिकणं मुलांना जड जायचं. नेकारसुल्मपासून वीस मिनिटांवरच्या एका गावात चर्चच्या हॉलवर दोन खोल्या मिळाल्या. अकरा मुलं, तीन शिक्षक. शनिवारी बाकं उचलून भिंतीला लावायची, कारण रविवारी तिथे चर्चची मंडळी कॉफीला बसत. काकू पहिल्या आठवड्यात फक्त बाकं लावायला मदत करायला गेल्या होत्या. तिथे प्रवेशाचे अर्ज एका बुटांच्या खोक्यात ठेवलेले पाहून त्यांना राहवलं नाही. त्यांनी दोन तासांत ते नीट लावून दिले, आणि सोमवारपासून त्यांना नोकरीवर बोलावलं.

तीन शिक्षकांपैकी एक होत्या गिलियन थॉर्प. उत्तर इंग्लंडच्या. आम्ही घरात त्यांना थॉर्पबाई म्हणायचो. २००८ मध्ये शाळा गावातल्या बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्यात हलली. त्याच वर्षी मी अकरा वर्षांची पुण्याहून येऊन सहावीत बसले. कारखान्यात जिथे सूत रंगवायचे तिथे थॉर्पबाईंनी केमिस्ट्रीची लॅब उभी केली. फरशीवरचे निळे डाग कधीच गेले नाहीत. कुठलंही रसायन हुंगायचं तर बाटली नाकाशी न नेता हाताने वास स्वतःकडे कसा ओढायचा, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं. वर्गात एकटी पडलेली मुलगी त्यांना बरोबर दिसायची. मला इंग्रजी बोलायची भीती वाटायची, तर त्यांनी मला लॅबच्या कपाटाची किल्ली दिली आणि रोज बाटल्या मोजायला लावल्या. मोजताना मी बोलायला लागले.

इंग्लंडच्या परीक्षा मंडळाच्या परीक्षा दहावीत असायच्या. त्या सगळ्या परीक्षांचं काम थॉर्पबाईंकडे होतं. कोण कुठल्या विषयाला बसणार याच्या याद्या त्या करायच्या, सही करून ऑफिसात द्यायच्या, आणि काकू त्या मंडळाकडे भरायच्या. फेब्रुवारीत त्याची शेवटची तारीख असे.

२०१३ च्या फेब्रुवारीत बाकी सगळ्या विषयांच्या याद्या वेळेवर गेल्या. केमिस्ट्रीची राहिली, ती माझ्यामुळे. पेपर दोन पातळ्यांवर देता यायचा, एक सोपा आणि एक अवघड, आणि माझं काही ठरत नव्हतं. थॉर्पबाई चार दिवस माझ्यासाठी थांबल्या. "तू अवघड दे. तुला जमेल," असं त्या शेवटी म्हणाल्या, मी हो म्हटलं, आणि नऊ नावांची यादी त्यांनी त्याच दुपारी, शेवटच्या तारखेच्या आत, ऑफिसात नेली.

त्या दुपारी ऑफिसात आगप्रतिबंधक खात्याची माणसं आली होती. दारापाशी ठेवलेलं कपाट त्यांना चालणार नव्हतं, ते लगेच हलवा म्हणत होते. काकू एका हाताने फोन धरून, दुसऱ्या हाताने टेबलावरचे ट्रे खोक्यांत भरत होत्या. थॉर्पबाई आल्या, त्यांनी डावीकडच्या ट्रेमध्ये कागद ठेवला, हात हलवला आणि गेल्या. काकूंनी मान हलवली. मान हलवल्याचं त्यांना नंतर आठवलं, खूप नंतर.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात परीक्षेची वेळापत्रकं आली. त्यात केमिस्ट्री नव्हतं. परीक्षा मंडळाने सांगितलं, आता उशीर झाला, नोव्हेंबरच्या परीक्षेला बसा.

मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं. थॉर्पबाई म्हणाल्या, "मी यादी ऑफिसात दिली होती." काकूंनी आवक नोंदवही पाहिली, त्यात नोंद नव्हती. त्यांनी सगळे ट्रे पाहिले. मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आलेली नाही." त्या घडीला ते त्यांना खरंच वाटत होतं. मला हे सांगताना त्यांनी दोनदा म्हटलं, "तेव्हा मी खोटं बोलले नव्हते, ईप्सिता. ते नंतर."

आम्हा नऊ जणांचे आईवडील चिडले. सर्वांत जास्त चिडले माझे बाबा, शशिकांत. मला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आउसबिल्डुंग, म्हणजे कामावर राहून शिकायची जागा, मिळाली होती. तिला उन्हाळ्यातल्या केमिस्ट्रीच्या निकालाची अट होती. ती जागा गेली. बाबांनी शाळा चालवणाऱ्या मंडळाला अर्ज लिहिला, की ही शिक्षिका या कामाला योग्य नाही, आणि त्यावर सह्या गोळा केल्या. नऊपैकी सात घरांनी सही केली.

मी काय केलं तेही सांगते. एका सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी लॅबच्या दारावर काळ्या मार्करने लिहिलं, "यादी कुठे आहे?" थॉर्पबाईंनी स्पिरिटने ते स्वतः पुसलं. त्या पुसत असताना मी बाकावर बसून पाहत होते. त्यांनी कोणाला विचारलं नाही. अक्षर कोणाचं आहे ते त्यांनी ओळखलं असणार. पाच वर्षं त्या माझ्या वह्या तपासत होत्या.

मे महिन्याच्या मध्यावर, एका मंगळवारी, काकू आगीच्या वेळी बाहेर पडायच्या नकाशांचं खोकं उघडत होत्या. नकाशांच्या खाली त्यांना ती यादी सापडली. नऊ नावं, खाली सही, तारीख, आणि वर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी: "ऊर्मिला, ही शेवटची. उशीर झाला, सॉरी. जी."

काकू मला म्हणाल्या, "मुख्याध्यापकांची खोली समोर होती, दार उघडं होतं. ते आत बसून सफरचंद खात होते. मी उठून पाच पावलं गेले असते तरी झालं असतं."

"मग का नाही गेलात?"

काकू म्हणाल्या, "मोठं काही कारण नव्हतं गं. नोकरी जाईल असं वाटलं, पण ती गेली नसती. राजस नववीत होता, त्याच्या वर्गातली मुलं काय म्हणतील असं वाटलं. पण खरं म्हणजे मला सगळे ज्यासाठी ओळखत होते ना, तेच जाणार होतं. कागद न हरवणारी बाई. दुसरं माझ्याकडे इथे काय होतं?"

त्या दिवशी जुनी हजेरीपत्रकं श्रेडरमध्ये घालायची होती. काकूंनी ती यादी आणि चिठ्ठी त्यांच्याबरोबर घातली.

त्याच शनिवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. हे जेवण मला आठवतं. बाबा आमटी-भात कालवत म्हणाले, "बाईने कागद दिलाच नसणार, वहिनी. आता स्वतःचं झाकायला तुमच्यावर ढकलतेय." चंद्रशेखरकाका म्हणाले, "ऊर्मिलाच्या बाबतीत असं बोलायला तरी कसं धजते ती?" काकू वाढत होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, "आमटी घेता ना अजून?" आणि वाढली. मला तेव्हा वाटलं, किती मोठं मन आहे काकूंचं, एक शब्द वाईट बोलल्या नाहीत.

जूनच्या शेवटी थॉर्पबाईंनी राजीनामा दिला. त्यांना कोणी निरोप दिला नाही. आम्ही नोव्हेंबरमध्ये परीक्षा दिली, आठ जण चांगले पास झालो. माझं एक वर्ष गेलं, मग मी बारावी करून रेगेन्सबर्गच्या युनिव्हर्सिटीत शिकले, आता तिथल्याच एका लॅबमध्ये काम करते. माझं काही बिघडलं नाही. बाकीच्या आठांचंही नाही.

शाळा वाढत गेली. साठ मुलांची दीडशे झाली. करोनाच्या वर्षी सगळे वर्ग कॉम्प्युटरवर गेले आणि काकू एकट्या त्या रिकाम्या कारखान्यात टपाल घ्यायला जायच्या. २०२२ मध्ये युक्रेनमधून तीस मुलं एकदम आली, कोणाकडे कसलाच दाखला नव्हता. काकूंनी प्रत्येकाशी बसून, जन्मतारखेपासून, त्यांची कागदपत्रं नव्याने उभी केली. त्यासाठी गावाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराला त्या तापाचं निमित्त करून गेल्या नाहीत.

२०२५ च्या जानेवारीत नवे मुख्याध्यापक, हेर फॉग्ट, त्यांना म्हणाले, "शाळेला यंदा वीस वर्षं होतात. इतिहासाची छोटी पुस्तिका काढू. सुरुवातीपासून असलेल्या आता तुम्हीच आहात. तुम्ही लिहा."

काकूंनी चर्चच्या हॉलपासून सुरुवात केली. बाकं, बुटांचं खोकं, मोज्यांचा कारखाना, पहिली सहा मुलं पास झाली तो दिवस. प्रत्येक वर्षाला एक पान. २०१३ च्या पानासाठी त्यांनी शाळेच्या मंडळाच्या सभेचं जुनं इतिवृत्त काढलं. त्यात एक ओळ होती, की एका शिक्षिकेच्या निष्काळजीपणामुळे परीक्षेची नोंदणी राहून गेली. इतिवृत्त टाइप केलं होतं काकूंनीच. आता तीच ओळ त्यांनी पुस्तिकेत उतरवली, खोडली, पुन्हा लिहिली. ते पान तसंच ठेवून त्या घरी आल्या आणि स्वयंपाक करता करता त्यांनी गॅस बंद केला.

"अहो, इकडे या जरा," त्या म्हणाल्या, आणि ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी चंद्रशेखरकाकांना सगळं सांगितलं.

काका म्हणाले, "बारा वर्षं झाली. आता सांगून कोणाला काय मिळणार आहे?"

"मला माहीत नाही."

"तू पाच महिन्यांनी रिटायर होतेस."

"हो."

"मी त्या शनिवारी तुझ्या बाजूने बोललो होतो," काका म्हणाले. "शशिकांतसमोर. तू ऐकत होतीस." मग ते उठून दुसऱ्या खोलीत गेले. दोन दिवस त्यांच्यात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी काकांनी कोलोनच्या गाड्यांचं वेळापत्रक काढून टेबलावर ठेवलं.

थॉर्पबाई आता कोलोनला राहतात हे शाळेतल्या एका जुन्या शिक्षकाकडून काकूंना कळलं होतं. काकूंनी त्यांना पत्र लिहिलं, फक्त एवढंच, की मला तुमच्याशी यादीबद्दल बोलायचं आहे. उत्तरात एक वार आणि वेळ आली. थॉर्पबाई एका म्युझियममध्ये कोट ठेवायच्या काउंटरवर काम करत होत्या. दुपारच्या सुट्टीत त्या काकूंना मागच्या अंगणातल्या बाकावर घेऊन गेल्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी डब्यातलं सँडविच काढलं, पण उघडलं नाही.

काकूंनी आडवळण घेतलं नाही. "यादी तुम्ही दिली होती. ती माझ्याकडे होती. मे महिन्यात मला सापडली, आणि मी ती श्रेडरमध्ये घातली."

थॉर्पबाईंनी विचारलं, "कुठल्या ट्रेमध्ये ठेवली होती मी?"

"डावीकडच्या."

"वर चिठ्ठी होती?"

"पिवळी. 'उशीर झाला, सॉरी' असं लिहिलेलं."

थॉर्पबाई हळू आवाजात बोलल्या. "ती चिठ्ठी लिहिल्याचं मला आठवत होतं. पण नोंदवहीत काही नाही, तुम्ही नाही म्हणताय, आणि तुम्ही तर कधी चुकत नाही. मग मी स्वतःला समजावलं, की ती आदल्या वर्षीची चिठ्ठी असेल." त्या थांबल्या. "माझ्या आईला साठीच्या आतच विसरायचा आजार झाला. शेवटी ती मला ओळखत नव्हती. यादीच्या वर्षी मी एक्कावन्न वर्षांची होते. मला वाटलं, माझंही सुरू झालं."

काकूंना हे माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही. मला वाटलं, अजून दिसत नाही," थॉर्पबाई म्हणाल्या. "मग मी शिकवणं सोडलं. हातात ॲसिड घेऊन मुलांसमोर उभं राहायचं, आणि आपण काय करतोय ते आपल्याला नक्की माहीत नाही, हे मला नको होतं. इथे नंबर असतो. नंबर पाहायचा, कोट द्यायचा. मी प्रत्येक नंबर दोनदा वाचते. बारा वर्षं मी रोज सकाळी वाट पाहिली, की आज काय विसरेन."

काकू म्हणाल्या, "मला माफ करा."

"ते आज मला जमणार नाही," थॉर्पबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पुढे जमेल का, सांगता येत नाही. पण तुम्ही आता मला जे सांगितलंत ते लिहून द्या. शाळेच्या कागदावर. आणि माझं त्सॉयग्निस बदलून द्या."

त्सॉयग्निस म्हणजे नोकरी सोडताना मिळणारं प्रमाणपत्र. जर्मनीत त्यात उघड वाईट लिहीत नाहीत, पण शब्दांना अर्थ असतात. थॉर्पबाईंच्या प्रमाणपत्रात होतं, की त्या काम नीट करण्याचा प्रयत्न करत असत. म्हणजे जमत नसे. तेही काकूंनीच टाइप केलेलं होतं.

सुट्टी संपली. थॉर्पबाई उठल्या, सँडविच डब्यात परत ठेवलं आणि आत गेल्या. काकू म्हणाल्या की येताना गाडीत त्यांना बसवेना, मानहाइमपर्यंत त्या दरवाजापाशी उभ्या होत्या.

हेर फॉग्ट आधी तयार नव्हते. "हे पाहा, फ्राउ केतकर," ते म्हणाले, "ही आनंदाची पुस्तिका आहे. तुम्ही थॉर्पबाईंना खाजगी पत्र लिहा, आम्ही सही करतो. छापायची काय गरज?"

"इतिवृत्त खाजगी नव्हतं," काकू म्हणाल्या. "सात घरांच्या सह्याही खाजगी नव्हत्या. ते छापायचं नसेल तर सबंध पुस्तिका मी परत घेते."

शाळेच्या मंडळाच्या दोन सभा झाल्या. एका सभासदाचं म्हणणं पडलं, की काकूंना ताबडतोब कामावरून काढावं. काकू म्हणाल्या, ते योग्यच होईल. त्यांना काढलं नाही, पण निरोपसमारंभ रद्द झाला. नवं प्रमाणपत्र तयार झालं. त्यातला प्रत्येक शब्द काकूंनी जर्मन शिकवणाऱ्या बाईंकडून दोनदा तपासून घेतला. पुस्तिकेत २०१३ च्या पानावर चार ओळी आल्या: नोंदणीची चूक ऑफिसची होती, यादी वेळेवर दिली गेली होती, ती सापडल्यावर नष्ट केली गेली, आणि हे करणाऱ्या व्यक्तीचं नाव ऊर्मिला केतकर.

आणि काकूंनी आम्हा नऊ जणांना नऊ पत्रं लिहिली, हाताने. तीन जणांनी उत्तर दिलं नाही. एकाने लिहिलं, तुमच्यामुळे मी एका चांगल्या बाईंना दोन महिने नमस्कार केला नाही, ते मी विसरणार नाही. मी काकूंकडे गेले.

बाबांना मी काकूंचं पत्र फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "अर्जाची कॉपी आहे का गं अजून शाळेत?" मी म्हटलं, असेल. "त्यात मी काय काय लिहिलंय ते मला आठवतंय," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

सप्टेंबरच्या शेवटी शाळेचा कार्यक्रम झाला. मोज्यांच्या कारखान्याच्या अंगणात मांडव, मुलांचं गाणं, वेगवेगळ्या देशांचे पदार्थ. थॉर्पबाईंना आमंत्रण गेलं होतं, त्या आल्या नाहीत. काकू आल्या, एका कडेला उभ्या राहिल्या. काही जण त्यांच्याशी बोलले, काही जणांनी त्यांना पाहून वाट बदलली. बाबा सरळ त्यांच्याकडे गेले.

"वहिनी, सह्या मी गोळा केल्या होत्या," ते म्हणाले. "तुम्ही नाही."

"तुम्हाला खरं माहीत नव्हतं, शशिकांतभावजी. मला माहीत होतं."

"मी विचारलंही नाही ना त्यांना. एकदाही." तेवढ्यात आईने हाक मारली.

परत निघताना मी काकूंना विचारलं, आता हलकं वाटतं का. "नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं सांगितलं की संपेल. त्या दिवशी बाकावर कळलं, मी समजत होते त्याच्या दहापट घेतलंय मी त्यांचं. पत्र लिहू का म्हणून विचारलं होतं, तर नको म्हणाल्या."

थॉर्पबाईंनी प्रमाणपत्र मिळाल्याची एक ओळ शाळेला पाठवली. त्या अजून त्याच काउंटरवर आहेत असं ऐकते. मला त्यांना भेटून लॅबच्या दारावर मी लिहिलं होतं ते सांगायचं आहे. कोलोनचं तिकीट मी दोनदा काढलं आणि दोनदा रद्द केलं.